नागपुरात कॉलेजचं 'नाव' येतं कुठून? (अकरावी-बारावीच्या मुलांनी आणि पालकांनी जरूर लिहा)

हिंगणारोड

धाकट्या भावाला यंदा सीईटीत 94 पर्सेंटाइल आले. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात कॉलेजांच्या नावांवरून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. बाबा म्हणतात पुण्याला पाठवू, कॉलेज कोणतंही मिळो. आई म्हणते रामदेवबाबा मिळत असेल तर घरचा डबा खाऊन शिकेल. मामा रोज संध्याकाळी फोन करून एक नवीन नाव सुचवतो. आणि ज्याला शिकायचं आहे तो मला विचारतो, "ताई, वायसीसीई चांगलं का रायसोनी?" मी म्हटलं, चांगलं म्हणजे काय रे? तर म्हणे, "सगळे म्हणतात ना तसं."

हे "सगळे" कोण, तेच मला शोधायचं आहे.

मी सहा वर्षांपूर्वी हिंगणा रोडच्याच एका कॉलेजातून इंजिनियर झाले. नाव लिहीत नाही. ते मी निवडलं कारण आमच्या गल्लीतला एक दादा तिथून शिकून चांगल्या नोकरीला लागला होता. तो मेकॅनिकलचा, माझ्या सहा-सात वर्षं आधीचा. मी घेतलं इलेक्ट्रॉनिक्स. दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये गेलो तर वीस टेबलं, वीस ऑसिलोस्कोप, आणि चालू चार. एकेका स्कोपभोवती आम्ही सहा-सात जण. ज्याच्या हाताला नॉब लागायचा तो शिकायचा, बाकीचे त्याच्या वहीतून आकृती उतरवायचे. वर्षाच्या शेवटी साठ जर्नलांत एकच वेव्हफॉर्म, चुकीसकट. त्याच वेळी शेजारच्या इमारतीत मेकॅनिकलचे एक सर संध्याकाळी सात-सातपर्यंत वर्कशॉप उघडं ठेवून बसायचे. ती पोरं खरंच तयार होऊन बाहेर पडली. गेट एक, बसवरचं नाव एक, पण आत दोन कॉलेजं होती. गल्लीतला दादा खोटं बोलला नव्हता. त्यानं त्याचं कॉलेज सांगितलं, मला मिळालं दुसरंच.

म्हणून विचारते. तुमच्या मनात कोणत्या कॉलेजची काय प्रतिमा आहे, आणि ती तिथे कोणी आणून ठेवली?


बर्डीचा_जुना

ताई, विषय चांगला काढला. मी 1982 चा व्हीआरसीचा. आता सगळे व्हीएनआयटी म्हणतात, पण माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडून अजून व्हीआरसीच निघतं. विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज म्हणून 1960 मध्ये सुरू झालं, 2002 मध्ये एनआयटी झालं. आमच्या काळी नागपुरात इंजिनियरिंग म्हटलं की व्हीआरसी आणि केमिकल असेल तर एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट), बस्स. निवडायला काही होतंच कुठे? रामदेवबाबा, वायसीसीई, केडीके ही सगळी 1984 पासूनची. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात एक उतरंड पक्की बसली: सरकारी म्हणजे हुशारांचं, खासगी म्हणजे पैसेवाल्यांचं. ती उतरंड आम्ही पोरांना दिली, पोरांनी नातवंडांना. मधल्या चाळीस वर्षांत काय काय बदललं ते कोणी पाहिलंच नाही.

आपल्या गावाला जुनी नावं सोडवत नाहीत. मॉरिस कॉलेजचं नाव बदलून किती वर्षं झाली! आज ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, पण ऑटोवाल्याला "मॉरिस कॉलेज टी-पॉइंट" म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणा, माणूस तोंडाकडे पाहील. मेयो म्हणा, लगेच रस्ता सांगेल. मेट्रोच्या स्टेशनांची नावं वाचा, धरमपेठ कॉलेज, एलएडी चौक. कॉलेजं हे आपले पत्ते आहेत. आणि पत्ता कोणी दरवर्षी तपासतो का?


चॉकडस्टर

मी सतरा वर्षं खासगी इंजिनियरिंग कॉलेजांत शिकवतोय, नागपूर परिसरातल्या तीन ठिकाणी. आतून जे दिसतं ते लिहितो.

मुलांच्या मनातली प्रतिमा नव्वद टक्के कट-ऑफवरून बनते. जून-जुलैत गेल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ प्रत्येक मोबाइलमध्ये असते. पण कट-ऑफ म्हणजे काय, हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारतो तेव्हा फार थोड्यांना सांगता येतं. त्या फेरीत, त्या शाखेत, त्या प्रवर्गात ज्या शेवटच्या मुलाला जागा मिळाली त्याचे पर्सेंटाइल, एवढाच त्याचा अर्थ. तिथे शिकवतात कसं, प्रयोगशाळा चालते की नाही, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. मागच्या वर्षी किती जणांना ते कॉलेज हवंसं वाटलं, हे आहे.

आता गंमत नाही, दुखणं सांगतो. मुलगा ऑप्शन फॉर्म भरताना ती पीडीएफ उघडतो आणि जास्त कट-ऑफचं वर, कमीचं खाली, अशी नावं लावतो. सगळेच तसं करतात. त्यातून यंदाचा कट-ऑफ जवळपास मागच्यासारखाच निघतो. पुढच्या वर्षीचा मुलगा तो पाहतो. एखाद्या विभागातले चांगले चार शिक्षक सोडून गेले तरी त्याचा परिणाम या आकड्यावर उमटायला चार-पाच वर्षं जातात. एखाद्या विभागानं खरंच मेहनत घेऊन सुधारणा केली तरी तेवढीच वर्षं. ताईंच्या ऑसिलोस्कोपची गोष्ट याच फटीतली आहे.

दुसरं, शाखा. 2024-25 पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटर आणि त्याच्या आगेमागे एआय, डेटा सायन्स लावलेल्या तुकड्या वाढल्या. तुकड्या एका कागदावर वाढतात, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. मुलगा म्हणतो, सर, कॉलेजचं नाव मोठं आहे. अरे, नाव मोठं असेल, पण तुझ्या तुकडीला कोण शिकवणार, ते विचारलंस का?

हे घरबसल्या तपासता येतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला भरून दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक बाजूला ठेवा, ती फाइल उघडा. किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्य किती, हे त्यात आहे. जाहिरातीच्या फलकावर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, ते एका मुलाचं. मध्य म्हणजे ओळीत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. तुमचं पोरगं त्या मधल्या मुलाच्या आसपास असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याच फाइलमध्ये शिक्षकांची यादी असते, कोण कधी रुजू झालं त्याच्या तारखांसकट. एखाद्या विभागातले बहुतेक शिक्षक गेल्या दीड-दोन वर्षांतलेच दिसले तर समजून घ्या.


हडपसरहून

मी वर्धा रोडचा, गेली तीन वर्षं पुण्यात. सीओईपी किंवा पीआयसीटी ही इथली नावाजलेली कॉलेजं मिळाली नाहीत, म्हणून पुण्यातल्याच एका खासगी कॉलेजात आलो. बाबांचं म्हणणं हिंगणारोड ताईंच्या बाबांसारखंच होतं.

पुण्याचा फायदा आहे, तो नाकारत नाही. इंटर्नशिपसाठी कंपन्या जवळ, सुट्टीच्या दिवशीही कुठे ना कुठे कार्यक्रम, सोबतची मुलं सगळ्या जिल्ह्यांतली. माझं बोलणं सुधारलं, भीड चेपली. पण शहराचं नाव आणि कॉलेजचं नाव यात आम्ही गल्लत केली. सीओईपी 1854 चं, त्याच्या नावाचा उजेड पुण्यातल्या प्रत्येक कॉलेजवर पडतो असं नागपुरात बसून वाटतं. इथे आल्यावर कळलं की पुण्यातली मुलंच माझ्या कॉलेजचं नाव ऐकून गप्प होतात. त्याच पर्सेंटाइलवर मला नागपुरात याहून चांगलं कॉलेज मिळत होतं. फी, खोली, मेस, वर्षाला चार वेळा घरी येण्याचं भाडं, हे सगळं बाबा भरताहेत आणि एकदाही बोलून दाखवत नाहीत. त्याचंच जास्त वाटतं.


हिंगणारोड

दादा, तुमची पोस्ट बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्यांदाच ते पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. नंतर एवढंच म्हणाले, "त्याला विचार, परत निवडायला मिळालं तर काय करेल."


हडपसरहून

सीओईपी किंवा त्या तोडीचं मिळालं तर डोळे मिटून पुणे. नाही तर नागपुरात राहून सुट्टीत पुण्याला इंटर्नशिप करेन.


वैनगंगाकाठ

तुमची सगळ्यांची चर्चा वाचून राहिलो दोन दिवसांपासून. आमच्याकडचं सांगतो. मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्या गावात नागपूरच्या कॉलेजांची दोनच नावं माहीत, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि व्हीआरसी. बाकी सगळं "नागपूरचं कॉलेज". वायसीसीई मोठं की रायसोनी, हा प्रश्नच आमच्या घरी कोणाला पडला नाही.

मी कॉलेज निवडलं ते समाजकल्याणच्या वसतिगृहापासून किती लांब आहे ते पाहून. खरं सांगतो, दुसरं काही पाहिलं नाही. वसतिगृहात आधीपासून आमच्या तालुक्याचा एक दादा होता, तो म्हणाला इथे ये, मी आहे. तोच माझा कट-ऑफ आणि तेच माझं रँकिंग. पहिल्या सेमिस्टरला सगळं इंग्रजीत, सर भराभर फळा पुसायचे. मी मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं नुसतं उतरवायचो. एकदा एका मॅडमनी वही पाहिली. कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये बोलावलं आणि तोच भाग मराठीत समजावला, मग महिनाभर रोज अर्धा तास. आमच्या वसतिगृहात आता ज्युनियर पोरं विचारतात कोणतं कॉलेज चांगलं, तर मी कॉलेजच्या आधी त्या मॅडमचं नाव सांगतो.

गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये झालं. आमच्याकडच्या मुलांच्या तिथल्या पदवीबद्दल नागपूरकर जरा खालच्या आवाजात बोलतात, ते मला ऐकवत नाही. माझी बहीण तिथल्या कॉलेजमधून बीएस्सी झाली, घरून सायकलनं जाऊन. नागपूरला पाठवायचं असतं तर तिचं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं.


टी-पॉइंटवाली

सगळं इंजिनियरिंगचंच चाललंय म्हणून मधे येते. मी मॉरिसला बीए करते, राज्यशास्त्र. दहावीला 91 टक्के होते. कला शाखा घेतली तेव्हा ओळखीच्या काकू आईला म्हणाल्या, "काहून बाप्पा, काही झालं का पोरीले?" जणू मी आजारीच आहे.

नागपुरात मुलांच्या मनात आधी शाखांची उतरंड असते, कॉलेजची नंतर. डॉक्टर-इंजिनियर वर, मग कॉमर्स, मग सायन्स मिळालं पण पुढे काही जमलं नाही ते, आणि सगळ्यात खाली आम्ही. कॉलेज कितीही जुनं, कितीही नावाजलेलं असो, त्यातली बीए म्हटली की माणसाचा चेहरा पडतो. हिस्लॉप 1883 चं, मॉरिस 1885 चं, एलएडी 1932 चं. या शहरात इंजिनियरिंग कॉलेज यायच्या कितीतरी आधीपासून इथे शिकवणं चालू आहे. देशाचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिसला शिकले. जुन्या मॉरिसच्याच इमारतीत आज आयएएस पूर्वप्रशिक्षण केंद्र चालतं आणि तिथे प्रवेश मिळावा म्हणून इंजिनियर झालेली मुलं परीक्षा देतात. त्यांना मी रोज गेटवर पाहते. चार वर्षं इंजिनियरिंग करून ती राज्यव्यवस्थेवरचं लक्ष्मीकांतचं पुस्तक उघडून बसतात, जे मी अभ्यासक्रम म्हणून वाचते.

त्यांना कमी लेखत नाही. माझं दुखणं एवढंच की माझ्या वर्गातल्या मुली, कुठे शिकतेस विचारलं तर, कॉलेजचं नाव अभिमानानं सांगतात आणि कोर्स पुटपुटतात.


चॉकडस्टर

टी-पॉइंटवाली, हे वाचून वाईट वाटलं. माझ्या वर्गात दरवर्षी अशी पाच-सहा मुलं असतात ज्यांना तुमच्या वर्गात बसायचं होतं.


तेल_रंग_वार्निश

एलआयटीबद्दल कोणीच सविस्तर बोललं नाही, म्हणून लिहितो. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली संस्था. केमिकल इंजिनियरिंगबरोबर तेल, रंग, अन्न यांचं तंत्रज्ञान शिकवणारी. 2023 मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. मी मुंबईजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा प्लांट मॅनेजरनं विचारलं कुठला, मी म्हटलं एलआयटी नागपूर. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तेही एलआयटीचेच, वीस वर्षं आधीचे. आणि याच नागपुरात, भरतनगरच्या बसस्टॉपवर एका शेजाऱ्यांनी मला विचारलं होतं, "एलआयटी म्हणजे आयटीआय काय?"

धंद्यात नाव आहे, गल्लीत नाही. मुलाची निवड गल्ली करते आणि नोकरी धंदा देतो, म्हणून ज्या क्षेत्रात जायचं तिथल्या माणसाला विचारा. शेजाऱ्याला त्याच्या मुलाबद्दल विचारा, तुमच्या मुलाबद्दल नको.


मेडिकल_चौक

आमच्याकडे उलटं आहे. एम्स नागपूरला 2018 मध्ये आली, पहिल्या बॅचचे वर्ग आमच्या मेडिकलच्याच आवारात भरले, मिहान भागातली स्वतःची इमारत नंतर. आयआयएमचंही तसंच, 2015 मध्ये व्हीएनआयटीच्या आवारात सुरुवात. इमारत उभी राहायच्या आधी नाव येऊन थांबलं होतं, दिल्ली-अहमदाबादहून. मुलांनी पहिल्या दिवसापासून ती वरच्या क्रमांकावर टाकली. आम्ही मेडिकलवाले तेव्हा जरा रागावलो होतो. 1947 पासून या भागातल्या प्रत्येक जिल्ह्याचा पेशंट ज्या वॉर्डात झोपतो, ते आमचं. पण एक मान्य करते, रँक लागला असता तर मीही एम्सच आधी टाकलं असतं.

2020 पर्यंत मेडिकलला विभागवार 70:30 असा कोटा होता, विदर्भाच्या जागा बऱ्याचशा विदर्भाच्या मुलांनाच मिळायच्या. तो गेल्यापासून पुण्या-मुंबईची, लातूरची मुलं आमच्याकडे येतात. त्यांच्या तोंडून नागपूर मेडिकलचं कौतुक ऐकलं तेव्हा आपल्या कॉलेजकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.


संत्र्याची_बाग

नमस्कार. मी काटोलकडचा शेतकरी. मुलीला 91 पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटर पाहिजे म्हणते. मला कॉलेजातलं काही समजत नाही. एका एजंटचा फोन येऊन राहिला, म्हणतो व्यवस्थापनाच्या कोट्यातून मोठ्या नावाच्या कॉलेजात जागा पक्की करून देतो, आधी पैसे भरा. बायको म्हणते एक एकर गेली तरी चालेल, पोरीचं नाव होईल. कृपया मार्गदर्शन करावे.


चॉकडस्टर

काका, पैसे भरू नका. जमीन तर अजिबात विकू नका. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण ते कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही, म्हणून यादीतलं प्रत्येक नाव तपासून घ्या. एजंट हे सांगणार नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर आजच तहसीलमध्ये बघून ठेवा, ऐनवेळी तिथे रांग असते. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, त्यापेक्षा जास्त कोणी मागितली तर लेखी मागा.


संत्र्याची_बाग

सर, फार उपकार झाले. ही माहिती इथे कोणीच दिली नव्हती. दाखले आहेत, नॉन-क्रिमिलेयर नवीन काढावं लागेल. एजंटचा नंबर बंद करून टाकला.


हिंगणारोड

काल भावाला घेऊन निघाले. सुभाषनगरहून मेट्रोनं लोकमान्य नगर, तिथून पुढे ऑटो. तीन कॉलेजं पाहिली. आत ऑफिसात गेलो तर माहितीपत्रक आणि हसून बोलणारी माणसं मिळाली, म्हणून बाहेर येऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिलो. भावाला म्हटलं, "कॉलेज कसं आहे" असं विचारायचं नाही, सगळे "भारी" म्हणतात. विचार, काल शेवटचा तास कोणता झाला आणि कोणी घेतला.

पहिल्या गेटवर चौघांपैकी तिघांना आठवेना. एक म्हणाला, "झालाच नाही, सर नवीन येणार आहेत." दुसऱ्या गेटवर एका मुलीनं तासाचा विषय सांगितला, सरांचं नाव सांगितलं आणि वर म्हणाली की कालचं प्रॅक्टिकल अर्धवट राहिलं म्हणून आज परत बोलावलंय, तिकडेच चालले. हातात ब्रेडबोर्ड होता तिच्या, वायरी लटकत होत्या. भाऊ तिच्याशी वीस मिनिटं बोलत उभा राहिला, चहा गार झाला. तिसऱ्या ठिकाणी उत्तरं बरी होती, पण कॉम्प्युटरच्या तुकड्या इतक्या वाढल्यात की लॅबचा नंबर आठवड्यातून एकदाच लागतो म्हणाले.

घरी आल्यावर त्यानं वही काढली आणि पर्याय स्वतः लिहिले. ब्रेडबोर्डवाल्या मुलीचं कॉलेज पहिलं. कट-ऑफच्या यादीत ते मामानं सांगितलेल्या दोन नावांच्या खाली आहे. मी त्याला आठवण दिली की पहिला पर्याय मिळाला की जागा तिथेच पक्की होते, मग मागे फिरता येत नाही. म्हणाला, "माहीत आहे ताई." बाबांनी वही घेतली, चष्मा लावून वाचली, आणि पुण्याची दोन नावं खालच्या बाजूला लिहून परत दिली. सीओईपी मात्र बाबांनी सगळ्यात वर, ब्रेडबोर्डवालीच्या कॉलेजच्याही आधी लिहिलं, ते भावानं राहू दिलं.


संत्र्याची_बाग

ताई, मीही पोरीला घेऊन त्या गेटवर जातो म्हणतो. काटोलवरून गाडी धरून किती वाजता पोचलं म्हणजे पोरं भेटतील?


हिंगणारोड

काका, साडेचारच्या आत पोचा. पाचला बसेस सुटतात, त्याआधी मुलं टपरीवर असतात. मुलीलाच विचारू द्या, तुम्ही जरा बाजूला उभे राहा, मोठ्यांसमोर टपरीवरची मुलं मोकळी बोलत नाहीत. आणि बर्डीला उतरलात तर मला इथे निरोप टाका, मी येते सोबत.